तांदळाचं पिंप आणि दहा ग्रॅमचा हिशोब

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिन्यात आमच्या घरी वर्षाचा तांदूळ भरतात. ओसरीवर चादर, चादरीवर तांदूळ, आणि वहिनी परातीत थोडा थोडा घेऊन त्याला बोरिक पावडर चोळतायत. मनगटापर्यंत हात पांढरे. चोळता चोळता त्यांनी विचारलं, “भावोजी, भातावर हल्ली फार औषधं मारतात म्हणे. खावा की नाही हो हा तांदूळ?”

मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. हात बोरिकमध्ये आणि काळजी फवारणीची, याचं मला हसू आलं. पण प्रश्न खोटा नव्हता.

भाताला करपा पडतो, हे शेतकरी श्रोत्यांना सांगायला नको. पानांवर होडीसारखे ठिपके पडतात, आणि लोंबीच्या मानेला लागला तर मानमोडी होते, दाणा पोचट राहतो. त्यावर ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक मारतात. मानमोडीसाठी फवारणी निसवताना, लोंब्या बाहेर पडत असताना होते, म्हणजे कापणीच्या बरीच जवळ. ते दाण्यात थोडं उरतं ते म्हणूनच.

युरोपीय संघाची या औषधाची तांदळातली मर्यादा आधी किलोला 1 मिलिग्रॅम होती. 2017 संपता संपता बासमतीसाठी ती 0.01 मिलिग्रॅमवर आली. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून दहा टनी शंभर ट्रक तांदूळ मनात आणा. त्या सगळ्यात मिळून दहा ग्रॅम औषध! युरोपला बासमती पाठवणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांची झोप उडाली. पंजाब सरकारने 2022 च्या ऑगस्टमध्ये बासमतीसाठी दहा कीडनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली, त्यात हेही होतं.

मग आदल्या दिवशी चालणारा तांदूळ दुसऱ्या दिवशी विषारी झाला का? नाही. युरोपात या औषधाला परवानगी नाही, त्याच्या सुरक्षिततेची माहिती त्यांना अपुरी वाटली. अशा वेळी ते यंत्राला जेमतेम दिसेल एवढीच मर्यादा ठेवतात. एरवी मर्यादा ठरते ती शेतात. लेबलावरच्या मात्रेत औषध मारलं, सांगितलेले दिवस थांबून कापणी केली, तर दाण्यात जास्तीत जास्त किती उरतं ते मोजतात. तेवढं आयुष्यभर रोज पोटात गेलं तर चालेल का, हे मग वेगळं ताडून बघतात. जनावरांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला काहीच झालं नाही, तिचा साधारण शंभरावा भाग माणसासाठी धरतात. म्हणून मर्यादा ओलांडलेला घास खाल्ला की माणूस आडवा होतो असं नाही. शेतात कुणीतरी जास्त मारलं किंवा थांबलं नाही, एवढं मात्र बहुतेक वेळा त्यातून कळतं.

पण मर्यादा म्हणजे दगडावरची रेघही नव्हे. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक कितीतरी वर्षं सर्रास वापरात होतं. वाढत्या मुलांच्या मेंदूवर परिणामाची शंका आली, सुरक्षित पातळीच ठरवता येईना, तेव्हा 2020 मध्ये युरोपने ते बंद केलं. मूल वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त खातं, हे हिशोबात विसरू नये.

आणि एक सांगतो. यवतमाळमध्ये 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. तिथे पीक कापसाचं होतं, पण पाठीवरचा पंप तोच असतो. ताटातल्या मिलिग्रॅमवर आपण जेवढं बोलतो, त्याच्या निम्मंही त्या माणसाच्या हातमोज्यांवर बोलत नाही.

आता स्वयंपाकघर. तांदूळ दोन-तीन पाण्यांतून धुतला की वरवरचं निघतं, दाण्यात शिरलेलं निघत नाही. कोकणातल्यासारखा वेळून भात केला, तर पाण्यात विरघळणारं आणखी थोडं जातं, अर्थात पेज प्यायली नाही तर! अवशेष जास्त करून तुसात आणि कोंड्यात असतात, त्यामुळे पॉलिशच्या तांदळात कमी. पण तेवढ्यासाठी हातसडीचा सोडू नका, कोंड्यातलं जीवनसत्त्व कोंड्यातच असतं. तो ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या आणि शेवटची फवारणी कधी केली ते विचारा.

वहिनींना मी म्हटलं, “शेतातल्या औषधाला निदान मर्यादा तरी आहे, वहिनी. बोरिक अन्नात घालायला परवानगीच नाही. आणि ते तुम्ही मुठीने घालताय.” धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावली आहेत. त्या गोळ्या गोदामात, ताडपत्रीखाली, जाणत्या माणसाच्या हातूनच वापरायच्या.

“मग पोरकिड्यांचं काय करू?”

“पिंप कडक उन्हात तापवा. तांदूळ मात्र सावलीत वाळवा, उन्हाने तडकतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. आणि वर्षाचा भरण्यापेक्षा तीन-तीन महिन्यांचा आणा.”

वहिनींनी परात खाली ठेवली. “आणि गेल्या वर्षी चोळलेला?”

“तो कुठाय?”

“तुम्हीच खाल्लात की!”