काच आणि पितळ यांच्यामधली फट

नमस्कार. काचेचे दिवे आणि त्यांच्या जोडीला येणारं साहित्य, असा आजचा विषय आहे. पण सुरुवात आमच्या आजोळच्या हंडीपासून करतो. मला जे सांगायचंय ते तिनंच शिकवलं.

बेळगावातल्या शहापुरात आजोळी सोप्यात हिरवट काचेची, तोंडानं फुंकून केलेली हंडी टांगलेली असायची. जवळून बघितलं की काचेत अडकलेले बारीक बुडबुडे दिसायचे. एका अंगाला काच किंचित जाड होती, त्यामुळं भिंतीवर उजेडाची लाट उठल्यासारखी वाटायची. आजी ती स्वतःच पुसायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. घराला रंग काढला तेव्हा मामांनी वरची जुनी पितळी टोपी काढून नवी करून आणली. जुनी ढिली होती, हलवली की वाजायची. नवी दुकानदारानं गळ्याच्या आतून अशी बसवली की तसूभर हलेना. मामा खूश. खाली शंभराचा बल्ब. तिसऱ्या रात्री आम्ही जेवत असताना टच्च आवाज झाला. गळ्यापासून बुडापर्यंत सरळ तडा. आजी ताटावरून उठली ती परत बसली नाही.

सगळे म्हणाले, दृष्ट लागली. खरं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तापल्यावर पितळ काचेच्या दुप्पट फुगतं. १०० मिलिमीटरचा गळा ५० अंशांनी तापला, तर दोघांत साधारण ०.०५ मिलिमीटरचा फरक पडतो. पातळ केसाएवढा! पण काच दाब सोसते, ताण सोसत नाही. आतून पितळ रेटायला लागलं की ती उलते. जुन्या कारागिरानं टोपी ढिली ठेवली होती ती जाणूनबुजून.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर, बघा. १२०४ सालची. छतातून खाली उमललेलं ते दगडी कमळ मी दर खेपेला मान दुखेपर्यंत बघतो. टांगती वस्तू कशी तोलायची, हे तिथं शिकावं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा मुद्द्याचं भरभर सांगतो.

अमेरिकेत टिफनीच्या दिव्यांच्या कारखान्यात रंगीत काचेच्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून मग झाळ देत. क्लारा ड्रिस्कोल आणि तिच्या हाताखालच्या बायकांनी त्यातलं पुष्कळ काम केलं. तिथंही दोन काचांच्या मध्ये मऊ धातू आहेच.

आपल्याकडं खानापूरची माती आहे, बुरडांचा बांबू आहे, उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथ आहेत. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, म्हणून मातीचा भाग आधी भाजून घ्या, काचेचं माप त्यावरून काढा. बांबू आपल्या पावसाळ्यात फुगतो, त्यालाही जागा सोडा. पितळी कडी लेथवर मिलिमीटरभर सैल काढा, मध्ये बुचाची नाहीतर सिलिकॉनची चकती घाला. काच टेकवायची, आवळायची नाही. साठाच्या बल्बचं काम आता ९ वॉटचा एलईडी करतो, उष्णता कमी. पण त्याची उष्णता पाठीमागं साठते, म्हणून टोपीला भोकं हवीतच.

त्या हंडीचा गळा मी जपून ठेवलाय. मागच्या टेबलावर आहे, कडा घासून घेतल्यात. जाताना बोट फिरवून बघा, तडा कुठून सुरू झाला ते हाताला लागतं.