फुलीचा अर्थ

मंडळी, नमस्कार.

आज मी एका फुलीपासून सुरुवात करणार आहे. शाळेत बाईंनी गणितावर फुली मारली की ते चुकलं, हे पहिलीतल्या पोरालाही कळायचं. यादीतलं एखादं नाव नको असेल तर आपण त्यावर फुली मारतो. एखादं स्थळ पसंत नसेल तर घरातलं मोठं माणूस म्हणतं, "त्यावर फुली मारा." कॉम्प्युटर आला तेव्हा पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात तीच फुली होती आणि तिचा अर्थ कोणालाही शिकवावा लागला नाही. गेली वीस-बावीस वर्षं मी दवाखान्यांत, छोट्या ऑफिसांत, छापखान्यांत कॉम्प्युटर बसवून देतो, दुरुस्त करतो. नवख्या माणसाला मी पहिली गोष्ट हीच सांगत आलो: पडद्यावर काही आलं आणि कळलं नाही, तर फुली दाबा. काही बिघडत नाही.

मे २०१६ मध्ये हे सांगणं खोटं ठरलं.

ज्यांच्याकडे विंडोज ७ किंवा ८.१ होतं त्यांच्यासमोर तेव्हा एक चौकट यायची. विंडोज १० हे तुमच्या पीसीसाठी शिफारस केलेलं अपडेट आहे, अमुक तारखेला अमुक वाजता ते बसवलं जाईल, असा मजकूर. खाली दोन बटणं. एक 'आत्ताच अपग्रेड करा' आणि दुसरं 'ओके'. 'नको' असं बटणच नव्हतं. रद्द करायचं असेल तर मधल्या मजकुरातल्या 'इथे' या एका शब्दावर क्लिक करायचं होतं. माणसांनी सवयीने फुली दाबली, चौकट मिटली, आणि ठरल्या वेळी अपग्रेड सुरू झालं. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या लेखी चौकट मिटवणं म्हणजे ती तारीख मान्य करणं होतं. आणि याच मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी काढलेल्या सूचनांत म्हटलं होतं की वरच्या फुलीचा परिणाम 'रद्द करा'सारखा असावा, 'ओके'सारखा कधीही नसावा.

पाणी इथवर एका दिवसात चढलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केलं होतं की दोन-तीन वर्षांत १०० कोटी उपकरणांवर विंडोज १० असेल. त्याच सुमाराला केबी३०३५५८३ अशा नावाचं एक अपडेट जुन्या मशीनवर उतरलं. नाव वाचून वाटावं, एखादी दुरुस्ती असेल. जूनमध्ये घड्याळाशेजारी छोटं चिन्ह आलं, तेव्हा कळलं की ती विंडोज १० ची जाहिरात होती. २९ जुलैला विंडोज १० बाजारात आलं, वर्षभर फुकट. सप्टेंबरात लोकांच्या लक्षात आलं की नाव नोंदवलेलं नसतानाही एका लपलेल्या फोल्डरमध्ये नवी सिस्टीम आधीच उतरवून ठेवली जात होती, साडेतीन ते सहा जीबी. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला 'शिफारस केलेलं' असा दर्जा मिळाला, म्हणजे बहुतेक मशीनवर ती आपोआप सुरू होणार. आणि मे महिन्यात फुलीचा अर्थ फिरला.

त्या सहा जीबीपाशी मला थोडं थांबायचं आहे. जिओ यायला तेव्हा अजून वर्ष होतं. तालुक्याच्या गावी नेट म्हणजे डोंगल, आणि एक जीबीला दोन-अडीचशे रुपये. म्हणजे तुम्ही न मागितलेल्या वस्तूची बाराशे-पंधराशे रुपयांची हमाली तुमच्याच खिशातून. ज्या शहरात हा निर्णय झाला तिथे नेट नळाच्या पाण्यासारखं येत असेल. आपल्याकडे ते घागरीने भरलेलं होतं.

कॅलिफोर्नियात सॉसालिटो नावाचं गाव आहे. तिथल्या एक बाई प्रवासाची तिकिटं काढून देण्याचा व्यवसाय करायच्या. त्यांचं म्हणणं होतं की अपग्रेड त्यांना न विचारता सुरू झालं, अर्धवट फसलं, आणि ऐन हंगामात ऑफिसचा कॉम्प्युटर सतत बंद पडू लागला. त्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेल्या. कोर्टाने १०,००० डॉलर भरपाई दिली. कंपनीने आपली चूक मान्य केली नाही, पण अपील मागे घेतलं. ही बातमी जून २०१६ ची. त्याच महिन्याच्या शेवटी चौकट बदलली. फुलीला तिचा जुना अर्थ परत मिळाला आणि नकाराचं स्वतंत्र बटण आलं. डिसेंबरात कंपनीचे विपणनप्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी एका मुलाखतीत आपण मर्यादा ओलांडल्याचं कबूल केलं. फुकट मिळण्याची मुदत तोवर कधीच संपली होती.

विंडोज १० वाईट होतं असं मी म्हणत नाही. मी स्वतः ते कितीतरी मशीनवर बसवलं आणि ते चांगलं चाललं. माझं म्हणणं वस्तूबद्दल नाही, विचारण्याबद्दल आहे.

आता दुसरी बाजू. ती मला तितक्याच जोराने मांडायची आहे, कारण मी रोज त्याच बाजूच्या बातम्यांना तोंड देतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांतले कॉम्प्युटर बंद पडले, रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच येऊन पडली होती. दोन महिने हातात होते. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. म्हणून कोणी मला म्हणालं, "अपडेट बंदच करून टाका, कटकट नको," तर मी हात जोडून नाही म्हणतो.

पण हेही पाहा. २०१६ च्या त्या प्रकारानंतर अनेकांनी वैतागून अपडेटची सगळी यंत्रणाच बंद केली. विंडोज १० येऊ नये म्हणून दार लावलं, आणि मार्चची दुरुस्ती त्याच दाराबाहेर राहिली. ज्या रस्त्याने औषध यायचं त्याच रस्त्याने जाहिरात पाठवली, की लोक रस्ताच अडवतात. याला मी लोकांची चूक मानत नाही.

वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला. याची झळ आपल्या दारात लागली. उरणजवळ न्हावा-शेवाला आपलं जेएनपीटी बंदर आहे, तिथलं एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीचं. मर्स्कचे कॉम्प्युटर जगभर एकाच वेळी गेले आणि न्हावा-शेवाच्या त्या टर्मिनलवर काम अडकलं. कंटेनर जागेवर आहे, क्रेन जागेवर आहे, पण कुठला कंटेनर कोणाचा आणि कुठे जायचा, हे सांगणारा पडदा काळा. मर्स्कला पुढे दहा दिवसांत ४५,००० पीसी आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

हा नॉटपेट्या शिरला कुठून? युक्रेनमध्ये हिशेब आणि कराचे कागद करायला एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, आपल्याकडे टॅली वापरतात तसं. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेटच्या यंत्रणेत घुसून अपडेटसोबत विष पाठवलं. ज्या ऑफिसांनी ते अपडेट वेळच्या वेळी घेतलं, तीच आधी पडली. एकदा आत शिरल्यावर मात्र तो इतर मार्गांबरोबर वॉनाक्रायच्या भोकातूनही पसरला. म्हणजे एका दाराने आज्ञाधारक माणूस फसला आणि दुसऱ्या दाराने आळशी माणूस. १९ जुलै २०२४ आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवत बसल्या आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ते अपडेट चांगल्या हेतूचं होतं, सुरक्षेचंच होतं. फक्त कोणाला विचारून आलेलं नव्हतं आणि टप्प्याटप्प्यानेही आलेलं नव्हतं.

मग करायचं काय? इथे मला घरातलं उदाहरण सुचतं. स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून तुम्ही प्लंबर बोलावला. त्याने वायसर बदलला, गळती थांबली, पैसे घेतले, गेला. ही दुरुस्ती. आता समजा तुम्ही बाजारात गेलेले असताना त्याने ओटाच उचलून समोरच्या भिंतीला नेला, डबे नव्या फळीवर लावले आणि वर सांगितलं की हा ओटा नव्या पद्धतीचा आहे. असेलही. पण अंधारात हात घालून मीठ काढणारी बाई आता चाचपडणार. नळासाठी दार उघडलं होतं, ओट्यासाठी नाही. दुरुस्ती वेगळी आणि बदल वेगळा. दोन्ही एका पुडक्यात बांधून 'अपडेट' म्हणायचं, मग पुडकं नको म्हणणाऱ्याला सुरक्षेचा धाक घालायचा, हे मला मान्य नाही.

कोणी म्हणेल, या दोन गोष्टी तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या करता येत नाहीत. येतात. लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम, तिची डेबियन ही आवृत्ती घ्या. तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतंत्र भांडारातून येतात आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जायचं की नाही, हे मालक स्वतः ठरवतो. तेही दूर राहू द्या. मायक्रोसॉफ्टकडेच मोठ्या संस्थांसाठी एलटीएससी नावाची विंडोज असते. तिच्यात वर्षानुवर्षं फक्त दुरुस्त्या येतात, नवी चिन्हं, नवे मेनू काही नाही. २०१९ च्या अशा विंडोज १० ला जानेवारी २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. कारखान्याला, रुग्णालयाला जे विकत मिळतं ते घरच्या माणसाला मात्र मिळत नाही. ही अडचण तंत्रज्ञानाची नाही, ग्राहक केवढा आहे त्याची आहे.

गेल्या महिन्यात मी एका डीटीपीवाल्या ताईंकडे गेलो होतो. लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल, गावातले दोन दिवाळी अंक, अशी कामं त्या करतात. खोलीत दोन कॉम्प्युटर. एक नवा, नेट असलेला. दुसरा खिडकीपाशी, पिवळट पडलेला, विंडोज एक्सपी, त्यावर पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर आणि युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट. सीपीयूच्या मागे सॉफ्टवेअरचं लॉक खोचलेलं, ते कोणाचा पाय लागून निघू नये म्हणून दोरा गुंडाळून बांधलेलं. नेटच्या वायरचं भोक चिकटपट्टीने बुजवलेलं आणि मॉनिटरवर स्केचपेनने लिहिलेला कागद: "याला नेट लावू नये." २००४ पासूनच्या फाइली त्या मशीनवर आहेत. नव्या मशीनवर उघडल्या तर अक्षरांच्या जागी इंग्रजी खिचडी दिसते. काम झालं की त्या पीडीएफ काढतात, पेनड्राइव्हने पलीकडे नेतात आणि पेनड्राइव्ह आधी तपासून घेतात.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, हे त्यांना पाठ आहे. धोका कुठे आहे ते ओळखून त्यांनी दार स्वतः बंद केलं. तांत्रिक शिक्षण न झालेल्या बाईने घेतलेला हा पूर्ण विचारी निर्णय आहे, आणि मोठ्या कंपन्यांच्या बैठकांत अशा माणसाला 'मागे राहिलेला' म्हणतात याचं मला वाईट वाटतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही ती तारीख येऊन गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे २०१६-१७ चं, उत्तम चालणारं मशीन एका दिवसात 'चालत नाही' या रांगेत गेलं. ज्या लोकांना २०१६ मध्ये ढकलून १० वर आणलं, त्यातल्या अनेकांना आता ११ चं दार बंद आहे. वर्षभराच्या जादा दुरुस्त्यांसाठी तेव्हा ३० डॉलर द्यायचे होते, किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्ज त्यांच्याकडे जोडून ठेवायच्या होत्या. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा तिथे या दुरुस्त्या पैशाविना आणि त्या सेटिंग्जच्या अटीविनाही मिळाल्या. आपण आवाज उठवला नाही.

उठवायला आधार आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. जबरदस्तीची कृती, पुन्हा पुन्हा टोचत राहणं, पडद्याची मांडणी अशी करणं की नकाराचं बटण सापडू नये. लोकांना हे नियम विमानाच्या तिकिटापुरते आणि खरेदीच्या अ‍ॅपपुरते वाटतात. माझं मत आहे की ऑपरेटिंग सिस्टीमची चौकटही याच मापाने मोजली जावी. २०१६ ची ती चौकट समोर ठेवा आणि हे तीन प्रकार वाचा.

आता थोडं हाताने करण्यासारखं. विंडोज १० च्या होम, म्हणजे घरगुती आवृत्तीवर सुरुवातीला अपडेट थांबवण्याची सोयच नव्हती. २०१९ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून ती मिळाली, एकूण ३५ दिवसांपर्यंत. एक आठवडा थांबवून ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट काही लोकांच्या स्वतःच्या फाइली पुसून गेलं होतं आणि काही दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. आठवडाभर थांबलेले वाचले. पण आठवडा झाला की दुरुस्ती घ्या, वॉनाक्राय विसरू नका. डोंगल किंवा मोबाइलचं नेट असेल तर 'मीटर्ड कनेक्शन' ही सेटिंग चालू ठेवा, मोठी डाउनलोड बहुतेक वेळा थांबतात. फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी आभारप्रदर्शनानंतर थांबा. ते सेटिंग्जचं पान आपण एकत्र उघडू आणि प्रत्येक ओळ मराठीत वाचू, मगच हो किंवा नको ठरवा. विंडोज १० वाल्यांनी डाव्या बाजूला बसा, तुम्हाला जास्त वेळ लागेल. चार्जर लावायला खिडकीखाली दोन प्लग आहेत.