खांबावरचा दिवा आणि रस्त्यावरचा उजेड

नमस्कार मंडळी.

आज संध्याकाळी मी एसटी स्टँडपासून या वाचनालयापर्यंत मुद्दाम चालत आलो. मुख्य रस्त्यावर नवे पांढरे दिवे लागलेत, लखलखाट आहे. भाजी मंडईच्या मागच्या बोळात वळलो आणि पायाखालचं दिसेनासं झालं. त्या बोळात खांब आहेत, खांबांवर दिवे आहेत, दिवे चालूही आहेत. पण एक दिवा वडाच्या फांद्यांत शिरलाय आणि दुसऱ्याचं तोंड एका घराच्या गच्चीकडे वळलंय. पालिकेच्या रजिस्टरात दोन्ही दिवे ‘सुरू’ असणार. माझ्यापुढे एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चालल्या होत्या. एका हाताने पाटी धरलेली आणि दुसऱ्या हातात मोबाईलचा टॉर्च.

मी 30 वर्षं नगरपालिकेच्या विद्युत विभागात काढली. पथदिव्यांवर पैसा लावताना आपण दिवे विकत घेतो, विजेची बचत विकत घेतो, पण त्या बाईंच्या पायाखाली पडायला हवा तो उजेड कोणत्याच करारात लिहिलेला नसतो. आज मी एवढंच सांगायला उभा आहे.

आधी हिशेब मांडू, कारण सगळी गुंतवणूक त्याच्यावरच उभी असते. जुना 150 वॅटचा सोडियम दिवा चोकसकट, म्हणजे त्याचा करंट आवरणाऱ्या तारेच्या गुंडाळीसकट, 170 वॅटच्या आसपास वीज खातो. त्याच्या जागी 70 वॅटचा एलईडी बसतो. म्हणजे 100 वॅट वाचले. रात्रीचे सरासरी 11 तास धरले तर वर्षाचे साधारण 4000 तास होतात. एका खांबामागे 400 युनिट. युनिटला 8 रुपये धरा, 3200 रुपये झाले. असे 10 हजार खांब असतील तर वर्षाला 3 कोटी 20 लाख. एवढी रक्कम दिसल्यावर गुंतवणूकदार येणारच.

पालिकेकडे आगाऊ पैसा नसतो. म्हणून कंपनी स्वतःच्या खर्चाने दिवे बसवते आणि वाचलेल्या बिलातून आपली रक्कम वसूल करते. याला आम्ही ‘एस्को’ म्हणतो. हे महाराष्ट्रात फार लवकर घडलं, याचा मला अभिमान आहे. 2007 साली, आपल्या रस्त्यांवर एलईडी यायच्या कितीतरी आधी, अकोला महापालिकेने साडेअकरा हजारांवर जुने दिवे काढून तिथे टी-5 जातीच्या बारीक ट्यूब बसवल्या. खर्च कंपनीचा, करार 6 वर्षांचा. मोजून सिद्ध झालेल्या बचतीतले 95 टक्के कंपनीला द्यायचे ठरले. विजेचा वापर 56 टक्क्यांनी उतरला आणि घातलेला पैसा वर्षाच्या आतच वसूल झाला. पुढची पाच वर्षंही कंपनीचाच वाटा मोठा राहिला, ही मला त्या करारातली उणीव वाटते. तरी एक गोष्ट त्यांनी नेमकी केली. बचत ‘मोजून सिद्ध’ झाली पाहिजे, असं लिहून घेतलं.

कारण पुढे अनेक ठिकाणी नेमकं हेच गळालं. मी ज्या पालिकेत होतो तिथेही गळालं. करार करताना रजिस्टरातले सगळे दिवे धरले, प्रत्येकाचा वॅट लिहिला, 11 तासांनी गुणलं आणि म्हटलं, ही आपली जुनी वीज. माझं मन मानेना. मी दोन वायरमन घेतले आणि आम्ही तीन रात्री प्रभागामागून प्रभाग पायी फिरलो. वहीत दोन रकाने, चालू आणि बंद. कुठे चोक जळालेला, कुठे दिवा पेटवणारा इग्नायटर गेलेला, कुठे ब्रॅकेटवर दिवाच नाही, नुसत्या वायरी लोंबताहेत. बंदचा रकाना भरत चालला तशी माझी काळजी वाढत गेली. बंद दिवा वीज खातच नव्हता, मग ती वाचणार कुठून? त्यातून कित्येक जोडण्यांना मीटरच नव्हते, बिल ठोकताळ्याने यायचं.

नवे दिवे बसले, सगळे लागले, गाव खरंच उजळलं. लोक खूश होते आणि तो आनंद रास्तच होता. पण वीजबिल कागदावर म्हटलं होतं तेवढं उतरलं नाही आणि कंपनीचा हप्ता मात्र कागदाप्रमाणेच येत राहिला. मधली तूट पालिकेच्या तिजोरीतून जायची. वर्षभराने लेखापालांनी हात वर केले. हप्ते थकले, कंपनीने दुरुस्तीची गाडी कमी केली आणि बंदचा रकाना पुन्हा भरायला लागला. यात चोरी कुणीच केली नव्हती. मोजणी केली नव्हती, एवढंच.

देशाच्या पातळीवर हे काम फार मोठं झालं आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये हुदहुद वादळाने विशाखापट्टणम उद्ध्वस्त केलं. त्यानंतर तिथे 90 हजारांवर एलईडी पथदिवे बसले, आणि एवढ्या मोठ्या शहराचे सगळे दिवे काही महिन्यांत बदलता येतात हे देशाला दिसलं. 5 जानेवारी 2015 ला राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाला. केंद्राच्या ईईएसएल या कंपनीने आधी पैसा घालायचा आणि पालिकांनी तो साधारण 7 वर्षांत हप्त्यांनी फेडायचा, अशी रचना होती. सव्वा कोटीहून जास्त दिवे त्यातून बदलले. हे यश लहान नाही आणि ते नाकारणाऱ्यांशी मी वाद घालतो. पण हप्ते इथेही थकले. दिव्याचं तिकीट कोणी काढत नाही, त्याला स्वतःची कमाई नसते. गुंतवणूकदाराचा सगळा भरवसा पालिकेच्या पैसे देण्याच्या सवयीवर असतो, आणि ती सवय कशी आहे ते इथे बसलेल्या ठेकेदारांना मी सांगायला नको.

डेट्रॉइटकडे बघा. अमेरिकेतलं हे शहर 2013 मध्ये दिवाळखोरीत गेलं. तिथल्या 88 हजार दिव्यांपैकी सुमारे 40 टक्के बंद होते. त्यांनी दिव्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं, रोख्यांतून साडेअठरा कोटी डॉलर उभारले आणि त्यांच्या फेडीसाठी एका करातले वर्षाला सव्वा कोटी डॉलर बाजूला बांधून ठेवले. त्या पैशाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. 2016 संपेपर्यंत 65 हजार एलईडी लागले. रस्ते पुन्हा मोजून गरजेपुरतेच खांब ठेवले, म्हणून आकडा कमी झाला. आपल्याकडे मालमत्ता करात दिवाबत्तीचा पैसा अनेक ठिकाणी घेतला जातो, पण तो सगळ्यात मिसळून जातो. तो वेगळ्या खात्यात राहिला तर बँका निम्मी भीती सोडतील.

तीनच वर्षांत डेट्रॉइटचे हजारो नवे दिवे अंधूक व्हायला लागले, जळायला लागले. 2019 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे पैशाची व्यवस्था चोख होती आणि वस्तू दगा देऊन गेली.

वस्तू इथेही दगा देते. नोकरीतल्या माझ्या शेवटच्या पावसाळ्यात एका रात्री फोन आला, की बायपासची सगळी रांग एकदम गेली. वर्षभरापूर्वी बसवलेले दिवे होते. आम्ही फीडर पिलरचं, म्हणजे रांगेला वीज देणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीचं दार उघडलं. आत गंज, पालीची अंडी आणि कोपऱ्यात न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा लग, तिच्या टोकाची जोडपट्टी, जळून काळा ठिक्कर. कुणीतरी कधीकाळी तो जोड नुसता पिळून वर टेप गुंडाळली होती. न्यूट्रल सुटला की दोन फेजच्या मधे दिवे अडकतात आणि 230 व्होल्टच्या दिव्याला 400 च्या आसपास व्होल्टेज मिळू शकतो. जुना तांब्याचा चोक पुष्कळ सोसायचा. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, तेवढं सोसत नाही. आम्ही एकेक दिवा उतरवला, उघडला, प्रत्येकातून तोच जळका वास. दीड रुपयाची क्लिप नव्हती म्हणून लाखांचा माल गेला, असं आमचे वायरमन म्हणाले आणि खाली बसले. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. तो जोड बदलून द्या, असं त्याने दोन वेळा लेखी कळवलं होतं.

निविदेत पैसा दिसतो तो दिव्याचा. केबल, अर्थिंग, वीज वाटणारं पॅनेल, व्होल्टेजचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर, यांच्यापुढे ‘अस्तित्वात असलेले वापरावे’ असं एक वाक्य येतं आणि पुढचा सगळा तोटा त्या वाक्यातून येतो. नवं इंजिन जुन्या गंजलेल्या चेसीवर बसवण्यातला हा प्रकार आहे.

मग ‘स्मार्ट’ कशाला म्हणायचं? 2015 मध्ये स्मार्ट सिटी अभियान आलं, जानेवारी 2016 च्या पहिल्या यादीत आपलं पुणे आणि सोलापूर होतं, आणि हा शब्द घराघरांत गेला. माझ्या मते पॅनेलमध्ये मीटर आणि मोडेम बसवणं हे पहिलं स्मार्ट काम. आज कोणत्या फेजवर किती करंट गेला, दिवे किती वाजता लागले, किती वाजता विझले, हे कार्यालयात बसून कळलं पाहिजे. करंट अचानक घटला तर रांग गेली. दिवसा करंट दिसला तर कुणीतरी आकडा टाकून वीज चोरतंय. त्यापुढे जाऊन प्रत्येक दिव्यात नियंत्रक बसवता येतो, मध्यरात्रीनंतर मोकळ्या रस्त्यावर उजेड कमी करता येतो. मोठ्या रस्त्यांना ते परवडतं. गल्लीतल्या 20 वॅटच्या दिव्यावर तेवढा खर्च करू नये, कारण तिथे वाचण्यासारखी वीजच उरलेली नसते.

खांबावर कॅमेरे लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. सॅन दिएगो शहराने 3 हजारांवर दिव्यांत वाहतूक मोजण्यासाठी म्हणून कॅमेरे बसवले. त्यांचं चित्रण पोलीस वापरताहेत हे लोकांना मागाहून कळलं, मोठा असंतोष झाला आणि 2020 मध्ये ते बंद करावे लागले. लोकांना आधी विचारायला हवं होतं.

आता उजेडाकडे येतो. आपल्याकडे आयएस 1944 हे मानक 1970 पासून आहे. लक्स म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचं माप. मोठ्या वर्दळीच्या रस्त्यावर सरासरी 30 लक्स, त्याखालच्या मुख्य रस्त्यावर 15, दुय्यम रस्त्यांवर 8 आणि 4. नुसती सरासरी नव्हे, सगळ्यात अंधाऱ्या जागेचं सरासरीशी किती प्रमाण हवं तेही त्यात दिलंय. मोठ्या रस्त्यांवर 0.4, लहान रस्त्यांवर 0.3. मंडईमागच्या त्या बाई याच आकड्यात बसतात. खांबाखाली 20 लक्स आणि मधे शून्य असेल तर सरासरी छान येते आणि ठेचही लागते. उजेडाचा माणसांच्या सुरक्षेशी थेट संबंध आहे. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली काही सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकून जास्तीचे दिवे लावले आणि बाकीच्या वसाहतींशी तुलना केली, तेव्हा रात्रीचे बाहेर घडणारे गंभीर गुन्हे 36 टक्क्यांनी कमी निघाले.

म्हणून सगळीकडे लखलखाट करा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे 5700 केल्विनचे निळसर पांढरे दिवे सरसकट घेतले गेले. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर. ते वयस्कर डोळ्यांना बोचतात, मला स्वतःला बोचतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्येच 3000 केल्विन किंवा त्याखालचे दिवे सुचवले होते. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेलं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले लावले. गावाला उजेड राहिला आणि आकाशात ताऱ्यांना जागा राहिली. दिव्याचा कोन खाली करायला वीज लागत नाही.

आपल्या गावाचा पथदिव्यांचा करार पुढच्या वर्षी संपतोय. नव्या निविदेत हप्ता लक्सला बांधावा, म्हणजे दोन खांबांच्या मधल्या जागेत ठरलेला उजेड मिळाला तरच पूर्ण पैसे, अशी मागणी मी लेखी दिली आहे. त्यासाठी आज किती उजेड आहे ते आपल्यापाशी लिहिलेलं हवं. येत्या अमावास्येला रात्री 9 वाजता मी लक्स मीटर घेऊन मंडईच्या मागच्या बोळात उभा असेन. ज्यांना यायचंय त्यांनी मोजपट्टी, खडू आणि वही आणावी. मीटर जमिनीवर ठेवायचा, त्यावर आपली सावली पडू द्यायची नाही, आणि दर तीन मीटरवर आकडा लिहायचा. वडाजवळच्या खांबाचा क्रमांक पुसला गेलाय, तो आधी रंगवून घेऊ.