फ्रॉन्टिनसचा फेरूल

नमस्कार मंडळी. पत्रिकेत आजचा विषय 'रोमची राज्यव्यवस्था आणि तिचा वारसा' असा छापला आहे. त्याच्याकडे मी येणार आहे. पण एकतीस वर्षे पाणीपुरवठ्यात काढलेल्या बाईला तुम्ही रोमवर बोलायला बोलावलंत, तेव्हा आधी नळाचं बोलू द्या. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली, रोमशी असलेल्या व्यापारातून आलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. रोम म्हटलं की आपल्याकडे सगळे त्या मूर्तीपासून सुरुवात करतात. मूर्ती सुंदरच आहे, जरूर पाहा. मी मात्र खड्ड्यापासून सुरुवात करते.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. गावाचं नाव घेत नाही. टाकीतून रोज सुटणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं कुणाच्याच बिलावर चढत नव्हतं. विचारलं की वरून ठरलेलं उत्तर यायचं, लाइन जुनी आहे, गळती आहे. आमच्याकडे पाण्याचे व्हॉल्व्ह सोडणारे एक चावीवाले होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एका संध्याकाळी ते म्हणाले, "बाई, गळती कुठं गळतीय ते बघायचंय का? मग पहाटे चारला या." गेले. एका मोठ्या इमारतीच्या फाटकासमोर मामांनी दोन माणसांकडून खड्डा खणून घेतला. आमच्या रजिस्टरात तिथे अर्धा इंची जोडणी होती. इथे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुख्य लाइनला भोक पाडून त्यात जो पितळी तुकडा बसवतात, तो फेरूल. घरात पाणी किती जायचं हे आधी फेरूलचं भोक ठरवतं, नळ आणि मीटर नंतर. त्या खड्ड्यात फेरूल नव्हताच. दोन इंची पाइप सरळ मुख्य लाइनला जोडला होता.

मी पंचनामा केला, अहवाल लिहिला, सही केली. अहवालाला उत्तर आलं नाही. तीन महिन्यांनी माझ्या बदलीची ऑर्डर आली. मामांना दुसऱ्या वॉर्डात टाकलं. खड्डा बुजवून वर डांबर ओतलं आणि पाइप होता तिथेच राहिला. पुढच्याच गल्लीत बायका पहाटे चारपासून हंडे रांगेत लावून बसायच्या. इतकी वर्षं झाली, पण तो राग अजून माझ्यात आहे आणि तो असावा असंच मला वाटतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका ग्रंथालयात फ्रॉन्टिनसच्या पाण्यावरच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद हाती आला. पहिली काही पानं मी कपाटापाशी उभ्यानेच वाचली. सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस. ब्रिटन प्रांताचा कारभार पाहिलेला, लढाया केलेला, कॉन्सल या रोममधल्या सर्वोच्च पदावर राहून गेलेला मोठा माणूस. इ.स. ९७ मध्ये सम्राट नेर्व्हाने त्याला रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख नेमलं. हे काम कमीपणाचं आहे असं त्याला वाटलं नाही. सुरुवातीलाच तो म्हणतो की आपल्याकडे सोपवलेलं खातं हाताखालच्यांच्या सांगण्यावर चालवणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट भल्या माणसाला दुसरी नाही. म्हणून आधी सगळं स्वतः शिकून घेतलं आणि ते विसरू नये म्हणून लिहून काढलं. कालव्यांचे नकाशे करून घेतले, म्हणजे दरी कुठे आहे, नदी कुठे ओलांडली आहे, हे डोळ्यांसमोर राहावं.

तेव्हा शहरात नऊ कालवे पाणी आणत. पहिला आपिया, इ.स.पू. ३१२ चा. इ.स.पू. १४४ चा मार्किया सुमारे ९१ किलोमीटर लांब आणि त्यातला बहुतेक जमिनीखालून. आपण चित्रात पाहतो त्या उंच कमानी म्हणजे एकूण लांबीचा थोडा भाग. फ्रान्समधल्या नीम शहराच्या रोमन कालव्याला ५० किलोमीटरमध्ये जेमतेम साडेबारा मीटर उतार आहे. लेव्हल घेण्याचं काम ज्यांनी केलंय, त्यांनी इथे टाळी वाजवावी! (टाळ्या)

तर फ्रॉन्टिनसने रजिस्टर उघडलं. पाणी मोजायचं त्यांचं एकक क्विनारिया, म्हणजे ठरावीक मापाची नळी. रजिस्टरात आवक १२,७५५ क्विनारिया आणि वाटप १४,०१८! आलं त्यापेक्षा वाटलं जास्त. कागदच सांगत होता की कागद खोटा आहे. मग तो उगमापाशी गेला आणि स्वतः मोजलं, तर रजिस्टरातल्या आवकेपेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया पाणी प्रत्यक्षात जास्त निघालं. ते मुरत कुठे होतं? इथून पुढे मी आमच्या खात्याचीच फाइल वाचते आहे असं मला वाटू लागलं.

रोममध्ये खासगी जोडणीला ब्राँझचं तोंड बसवत, त्याला कॅलिक्स म्हणत. ब्राँझच का? ते सहज वाकवता येत नाही, रुंदावता येत नाही. त्यावर अधिकृत शिक्का. आणि त्याच्यापुढे पन्नास फुटांपर्यंत नळी त्याच मापाची हवी, हा सिनेटचा ठराव. फेरूल, मंडळी! एकोणीसशे वर्षांपूर्वीचा फेरूल! फ्रॉन्टिनसला काय सापडलं? शिक्का नसलेली तोंडं, ठरलेल्यापेक्षा मोठी तोंडं, लगेच पुढे जाड नळ्या. जागेचा मालक बदलला की नव्याच्या नावाने हौदाला नवं भोक पाडायचं आणि जुनं भोक तसंच ठेवून त्यातलं पाणी विकायचं. रस्त्यांखालून चोरट्या नळ्या टाकलेल्या. ही भोकं सांभाळणारा एक माणूसच होता, 'भोकांवरचा' अशा नावाने लोक त्याला ओळखत. त्या नळ्या उपटल्यावर बरंच शिसं निघालं, हेही फ्रॉन्टिनसने लिहून ठेवलं आहे. (शिशाला लॅटिनमध्ये प्लंबुम म्हणतात, आपला 'प्लंबर' तिथूनच आला.)

त्याने खापर जुन्या लाइनवर फोडलं नाही. चोरी आपल्याच खात्यातली माणसं करतात हे स्वतःच्या हाताने लिहिलं. राज्य कसं चालतं हे मी या पुस्तकात शिकले. कोलोसियम पाहून शिकले नसते.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. बरं, राज्यव्यवस्था.

राजे हाकलल्यावर रोमनांनी दोन कॉन्सल नेमायला सुरुवात केली, मुदत एक वर्ष, एकाने दुसऱ्याला अडवायचं. लोकांच्या बाजूने ट्रिब्यून अडवायचे. 'व्हेटो' म्हणजे लॅटिनमध्ये 'मी मनाई करतो'. इ.स.पू. २७ नंतर पहिला सम्राट ऑगस्टस याने पदांची नावं सगळी ठेवली आणि सत्ता एकट्याच्या हाती घेतली. हे पाण्यातही दिसतं. शहराचं पाणी सांभाळणारा ऑगस्टसचा उजवा हात आग्रिप्पा वारल्यावर पाणीखातं नीट उभं राहिलं, तेव्हा नियम सिनेटच्या ठरावाने झाले, पण जोडणी हवी असेल तर सम्राटाचं पत्र लागायचं. प्रजासत्ताकाच्या काळात पाणी आधी चौकातल्या हौदाला मिळे आणि हौदातून सांडेल तेवढंच खासगी माणसाला. नंतर ते बदललं. वरच्या मजल्यांवर भाड्याने राहणाऱ्यांना मात्र शेवटपर्यंत घागरच उचलावी लागली.

कायदा. इ.स.पू. ४५० च्या सुमारास रोमचे लेखी कायदे, म्हणजे 'बारा कोष्टकं', फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, सगळ्यांना दिसतील अशी लावली. हजार वर्षांनी, पश्चिमेतलं साम्राज्य संपून गेल्यावर, इ.स. ५३३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलला सम्राट जस्टिनियनने कायदेपंडितांच्या मतांचा संग्रह काढला. युरोपातल्या बऱ्याच देशांचे दिवाणी कायदे त्यावर उभे आहेत. नागरिकत्व. इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, सरदारांना सिनेटमध्ये घ्यावं म्हणून भाषण केलं, ते कोरलेला ब्राँझचा पत्रा ल्योंला आहे. इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकल्लाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक केलं. 'स्वतंत्र' हा शब्द लक्षात ठेवा.

कारण पाणीखात्यात ७०० माणसं होती आणि ती गुलाम होती. २४० आग्रिप्पाची, ती ऑगस्टसकडे आली आणि त्याने सरकारजमा केली. ४६० क्लॉडियसने भर घातलेली. त्यात हौदावरचे होते, लाइनवर फिरणारे होते, फरशी उचलून पुन्हा बसवणारे, गिलावा करणारे होते. बहुतेक कालवे कुठल्या कॉन्सलांच्या वर्षी आले, हे फ्रॉन्टिनसने नावानिशी लिहिलं आहे. या सातशेंचे फक्त हुद्दे आहेत. त्याला भोकं कुठे आहेत हे कुणीतरी दाखवलं असणार, रात्री नाहीतर पहाटे, फरशी उचलून. मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचत होते तेव्हा तो माणूस शोधत होते, आणि अजूनही पान उलटताना शोधते.

वेळ संपली. शिशाच्या नळ्यांबद्दल ज्यांनी चिठ्ठी पाठवली आहे, त्यांनी चहाच्या टेबलापाशी मला गाठावं, रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने त्यावर काय लिहिलंय ते सांगते.