भोवऱ्यात साठणारी वाळू

आवाज येतोय ना मागपर्यंत? बरं, मग आधी हा ग्लास बघा. यात पाणी आहे आणि सकाळच्या चहाचा चमचाभर चोथा. मी गरागरा ढवळतो आणि चमचा काढून घेतो. आता फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते हे आपण शाळेत शिकलोय, म्हणजे चोथा कडेला जायला हवा. थांबा जरा… बघा, मधोमध ढीग झाला! कारण तळाला घासून तिथलं पाणी मंद होतं, त्याचा बाहेर जायचा जोर कमी पडतो, मग कडेचा दाब त्याला आत ढकलतो आणि ते जाता जाता चोथा ओढून नेतं. एवढं डोक्यात ठेवा, आपल्याला अमेरिकेत जायचंय, ग्रँड कॅन्यनमध्ये.

भोवरा म्हटलं की आपल्याला बुडणारा माणूस आठवतो, नाहीतर निघोजचे रांजणखळगे, जिथे कुकडीच्या पाण्यात गोटे गरगर फिरून काळा कातळ कोरला गेलाय. म्हणजे भोवरा खणतो, अशी आपली समजूत. ग्रँड कॅन्यनमधून वाहणाऱ्या कोलोराडो नदीतले भोवरे उलटे, ते साठवतात.

तिथे झालंय काय, की बाजूच्या घळींतून पावसात दगड-चिखलाचे लोंढे येतात आणि घळीच्या तोंडाशी, नदीच्या पात्रात पंख्यासारखा ढीग टाकतात. नदी तिथे आवळली जाते, म्हणून रॅपिड, म्हणजे पाण्याचा खळाळ. ढीग संपला की पात्र परत रुंद होतं, पण सुसाट आलेलं पाणी लगेच वळत नाही हो, भरधाव एसटी कुठे वळते लगेच? ते सरळ जातं, आणि मुख्य धार आणि काठ यांच्यात जी रिकामी जागा उरते तिथलं पाणी आडवं गोल फिरायला लागतं, काठालगत तर चक्क वरच्या दिशेने वाहतं. राफ्टवाले याला एडी म्हणतात आणि दम खायला तिथेच शिरतात.

वाळूचंही तेच. धारेतला खळबळाट तिला तरंगत ठेवतो, थोडी थोडी वाळू एडीत शिरते आणि तिथे पाणी संथ, त्यात तळाशी ते चोथ्याचं गणित, मग बसली खाली. साधारण ०.१ मिलिमीटरचा बारीक कण शांत पाण्यात मीटरभर खाली यायला दोनेक मिनिटं घेतो, त्याच्या दहापट बारीक पोयट्याला तीन-साडेतीन तास लागतात, म्हणून पोयटा बराचसा पुढे निघून जातो आणि वाळू राहते. पूर ओसरला की काठावर पांढुरका किनारा उघडा पडतो, चंद्रभागेचं वाळवंट म्हणतो ना आपण, तसा, फक्त वर शेकडो मीटरचे कडे. काठाच्या बाजूला उलट्या धारेची जी नाळ उरते तिथलं पाणी उबदार आणि शांत, पाठीवर कुबड असलेल्या हंपबॅक चब माशाची पिल्लं अशा जागी वाढतात.

मग १९६३ मध्ये वर ग्लेन कॅन्यन धरणाची दारं बंद झाली. गाळ जवळजवळ सगळा तलावात अडकला आणि खाली सुटतं ते काचेसारखं हिरवं थंड पाणी. दिसायला झकास, पण भुकेलं! स्वतःकडे वाळू नाही म्हणून किनाऱ्यांची खातं. नदीचं नाव कोलोराडो, म्हणजे स्पॅनिशमध्ये तांबडी, ती पाऊस पडल्याशिवाय तांबडी दिसेना. धरणाखाली वाळू आणतात त्या मुख्यतः दोन उपनद्या, पॅरिया आणि लिटल कोलोराडो.

१९९६ च्या मार्चअखेरीस धरण चालवणाऱ्यांनी मुद्दाम पूर सोडला, ४५ हजार क्युसेक, सलग सात दिवस. आपल्याकडे विसर्ग वाढवला म्हणून बातम्यांत सांगतात, तेच क्युसेक. पाणी चढल्याशिवाय वाळू उंचावर बसणार कशी, असा साधा हिशेब, आणि किनारे वाढलेही. पण नंतर मोजल्यावर कळलं की ही वाळू नदीच्या तळातून फारशी आलीच नव्हती, बरीचशी एडीच्याच खोल भागातली उचलून वर लावली होती. म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात! मला या प्रयोगातली ही चूकच सगळ्यात आवडते, कारण पुढचं शहाणपण तिच्यातूनच आलं. आधी पॅरियाला पावसात पूर येऊ द्यायचा, ताजी वाळू पात्रात जमू द्यायची आणि ती वाहून जायच्या आत धरण सोडायचं. २००४ आणि २०१२ चे नोव्हेंबरमधले पूर असेच सोडले, तेही फार तर दोनतीन दिवसांचे.

तरी हे किनारे टिकाऊ नाहीत, बरेचसे पुढच्या काही महिन्यांतच झिजायला लागतात, कारण शहरांत विजेची मागणी वाढली की धरणातून जास्त पाणी सुटतं, कमी झाली की कमी, त्यामुळे नदीला रोजची भरती-ओहोटी. ती लाट खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक मुक्कामावर तिची वेळ वेगळी. राफ्टवाले संध्याकाळी वाळूत काडी खोचून ठेवतात आणि दोर किती सैल सोडायचा ते ठरवतात, नाहीतर सकाळी उठून बघावं तर पाणी लांब आणि सामानाने भरलेली राफ्ट वाळूत, मग चहाच्या आधी सगळे ढकलायला.