शेवटची नावं संपेपर्यंत उठू नका

नमस्कार. मागे दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत अजून. मला सिनेमाचं शिक्षण आणि करिअर यावर बोलायला सांगितलंय. समोर बारावीची, डिग्रीची मुलं आहेत आणि बरेच आईबाबा पण आलेत हे बघून खरंच बरं वाटलं, कारण घरी शेवटी प्रश्न एकच निघतो की हे शिकून पोट भरतं का. भरतं. पण कसं भरतं ते नीट सांगायला हवं. मी साऊंडचा माणूस आहे, सेटवर हेडफोन लावून उभा असतो तो, त्यामुळे जे सांगेन ते त्या जागेवरून बघितलेलं असेल.

सिनेमा संपून पडद्यावर नावं सरकायला लागली की आपल्याकडे अख्खं थिएटर उठतं. तुम्ही उठू नका, बसून वाचा. चित्र स्पष्ट ठेवणारा फोकस पुलर, लाईटचा मुख्य गॅफर, कॅमेऱ्याचं सामान लावणारा ग्रिप, माईकची काठी धरणारा बूम ऑपरेटर, पावलांचे वगैरे आवाज नंतर तयार करणारा फोली आर्टिस्ट, रंग जुळवणारा कलरिस्ट, शॉटमागून शॉट सगळं जुळतंय ना ते बघणारा कंटिन्युइटीवाला, लोकेशन मॅनेजर, सबटायटल कोणी केले, सगळं वाचा. मोठ्या सिनेमाला शेकड्यांनी नावं असतात आणि त्यात डायरेक्टर बहुतेक वेळा एकच. बाकीच्या सगळ्यांची घरं पण सिनेमावरच चालतात ना? तरी मला भेटायला येणारी जवळजवळ सगळी मुलं म्हणतात, सर, डायरेक्शन करायचंय. करा, जरूर करा, पण त्याआधी एक काम असं हाताला लागू दे की त्या कामासाठी लोक तुम्हाला फोन करतील. माझं आजचं सगळं बोलणं या एकाच गोष्टीवर आहे.

आणि ही गोष्ट आपल्या गोव्याच्या मुलांना नव्याने शिकवायची गरजच नाही खरं तर. आपल्या देवळात जात्रेला, उत्सवाला मराठी नाटक होतं, काही गावांत दशावतारी काला होतो, सत्तरी तालुक्यात रणमालें हे लोकनाट्य होतं. तिथे एक मुलगा प्रॉम्प्टिंग करतो, एक पडदा ओढतो, कोणी जाऊन भाड्याचे ड्रेस घेऊन येतो, कोणाची तरी काकी मेकअपला मदत करते, आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं तरी कोणी म्हणत नाही की माझं नाव पुढे का नाही. प्रॉम्प्टर झोपला तर नाटक कोसळतं हे गावातल्या लहान पोराला पण माहीत असतं. मुंबई-पुण्यात मी कितीतरी हुशार मुलं बघितली, कॅमेऱ्याची सगळी मॉडेलं तोंडपाठ, पण चाळीस माणसांत आपलं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे कळायला त्यांना फार वेळ लागला. आपल्याला ते तालमीतच कळलेलं असतं. तेव्हा मुलाखतीला गेलात की जात्रेच्या नाटकात मी लाईट बघायचो हे सांगायला अजिबात लाजू नका, समोर बसलेली माणसं त्यावरच जास्त विचारतील.

आता शिक्षण. पुण्याची एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था १९६० साली सुरू झाली, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात, आणि कोलकात्याची सत्यजित रे इन्स्टिट्यूट १९९५ ला. दोन्ही सरकारी. बहुतेक कोर्सना कुठल्याही शाखेची डिग्री चालते, प्रवेश परीक्षा असते, मग मुलाखत, आणि मुख्य म्हणजे फॉर्म भरतानाच तुम्हाला विभाग निवडावा लागतो, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, साऊंड, कला दिग्दर्शन वगैरे. जागा थोड्या असतात, अर्ज भरपूर. म्हणून बारावीनंतर लगेच घाई करू नका, आधी डिग्री करा, आणि ती मास कम्युनिकेशनचीच हवी असं पण नाही. इतिहास घ्या, मराठी घ्या, फिजिक्स घ्या. साऊंडला फिजिक्स रोज लागतं, आणि ज्याने चार चांगल्या कादंबऱ्या मन लावून वाचल्यात त्याला पटकथेचं पान वाचताना सीन डोळ्यासमोर दिसतो. प्रायव्हेट इन्स्टिट्यूट पण आहेत, काही चांगल्या आहेत, पण फी बघून आणि तिथे शिकून बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलांशी बोलूनच ठरवा. माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊन कर्ज काढू नका ही माझी आईबाबांना कळकळीची विनंती आहे.

मग डिग्रीची तीन वर्षं काय करायचं? मुलं म्हणतात सर कॅमेरा नाही. १९१९ ला मॉस्कोत जगातली पहिली सरकारी फिल्म स्कूल निघाली तेव्हा तिथे कच्ची फिल्मच मिळत नव्हती, यादवी चाललेली देशात. तिथे कुलेशॉव्ह नावाचा मास्तर होता, त्याने मुलांकडून फिल्मशिवाय सिनेमे करून घेतले, म्हणजे शॉट ठरवायचे, नट उभे करायचे, शॉटमागून शॉट असे सादर करायचे, फक्त शूट करायचं नाही. त्याच्या वर्गातली मुलं पुढे मोठे दिग्दर्शक झाली. तुमच्या खिशात तर फोन आहे.

मी काय करायला सांगतो ते ऐका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा आणि फोनवर एक मिनिट फक्त आवाज रेकॉर्ड करा, व्हिडिओ नको. घरी येऊन हेडफोन लावून ऐका आणि कागदावर लिहा काय काय ऐकू आलं. मग तेच सकाळी घराच्या बाल्कावर, म्हणजे ओट्यावर, बसून करा, पाव विकणाऱ्या पोदेराचा हॉर्न, शेजारचा पंप, लांबचा ट्रक, कोंबडा. तुमच्या लक्षात येईल की प्रत्यक्ष तिथे असताना यातलं अर्धं ऐकूच आलेलं नव्हतं. आपले कान नको ते बाजूला काढतात, माईक काढत नाही. म्हणून सेटवर आम्ही पंखा बंद, एसी बंद, फ्रिज बंद करत सुटतो. आणि कोणाच्या घरात शूट असेल तर फ्रिज बंद केला की गाडीची चावी त्याच फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे पॅकअपनंतर तो परत चालू केल्याशिवाय कोणी निघूच शकत नाही, नाहीतर त्या घरातले मासे सकाळपर्यंत गेले. सीन झाला की सगळ्यांना तीस सेकंद गप्प उभं करून त्या खोलीचा नुसता आवाज घ्यायचा, रूम टोन म्हणतात त्याला, एडिटला दोन संवादांमधली फट त्यानेच भरतात. माझ्या मते नव्या मुलाची परीक्षा तिथेच होते, त्या तीस सेकंदांत जो चुळबुळ करत नाही तो पुढे जातो.

कॅमेऱ्याकडे जायचं असेल तर एवढंच सांगतो, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, शटर सेकंदाच्या १/५० वर ठेवलं नाही तर फुटेजमध्ये ती फडफड दिसू शकते. हे फुकट कळणारं ज्ञान आहे, फोनच्या मॅन्युअल मोडवर आज रात्री करून बघता येईल. एडिटिंगचं तर सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन मिनिटांची फिल्म करा पण पुरी करा, आवाज लावून, नावं टाकून, दहा लोकांना एकत्र बसवून दाखवा, आणि ती माणसं कुठल्या क्षणी मोबाईल बघायला लागतात ते बघा. अर्धवट राहिलेल्या फीचर फिल्मच्या गोष्टी सांगणारी मुलं मी खूप बघितलीत, वाईट वाटतं.

आणि इफ्फी! अरे बाबांनो, २००४ पासून हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव बहुतेक नोव्हेंबरला पणजीत होतो, देशभरातली पोरं स्लीपर क्लासने येऊन मिळेल तिथे राहून सिनेमे बघतात, आणि आपल्यातली कितीतरी मुलं कदंबाच्या बसमध्ये बसून तासाभरात पोचतील एवढ्या अंतरावर राहून एकदाही गेलेली नाहीत. विद्यार्थी म्हणून नाव नोंदवा. दिवसाला पाच सिनेमे बघायची शर्यत लावू नका, दोन बघा आणि वहीत लिहा, गोष्ट लिहू नका, एखाद्या सीनमध्ये कट कुठे झाला, आवाज आधी आला की चित्र आधी, एवढंच लिहा. २०२१ पासून इफ्फीत तरुणांसाठी क्रिएटिव्ह माइंड्सची निवड होते, आधी ७५ मुलं घ्यायचे, २०२४ ला १०० घेतली, आणि ही निवड क्राफ्टनुसार होते, म्हणजे तिथेही तुम्हाला विचारतात की तू काय करतोस, आणि मग टीम करून ठरलेल्या तासांत शॉर्टफिल्म करायला लावतात. एनएफडीसी, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळ, त्यांचा फिल्म बाजारही २००७ पासून त्याच दिवसांत गोव्यात भरतो, तिथे निर्माते आणि दिग्दर्शक पैशांचं बोलतात. फिल्म कशी विकली जाते हे कॉलेजच्या वयात लांबून का होईना बघायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्या दारात आहे.

काम गोव्यातही आहे. बाहेरची युनिट वर्षभर इथे येतात, शूटिंगच्या परवानग्या गोव्याच्या सरकारी एंटरटेनमेंट सोसायटीतून निघतात, आणि त्या युनिटना इथली माणसं लागतात. कुठल्या भाटात, म्हणजे बागायतीत, दुपारी ऊन कसं पडतं, चवथीच्या आठवड्यात गाड्या मिळणार नाहीत, जूनमध्ये नदीकाठचा सेट उभा करू नका, हे सांगणारा माणूस प्रॉडक्शनला हवाच असतो. सुरुवात तिथून करा, प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून. आणि एक काम तर मला वाटतं आपल्यासाठीच आहे, सबटायटलचं. आपण घरी कोंकणी बोलतो, मराठी वाचतो, हिंदी-इंग्रजी येते, एवढ्या भाषांतून सहज फिरणारी मुलं बाकीकडे शोधावी लागतात. दोन ओळींत, वाचायला वेळ मिळेल इतक्याच अक्षरांत, संवादाचा जीव राखून लिहायचं, हे कौशल्य आहे आणि त्याला पैसे मिळतात.

पैशांचं स्पष्ट बोलतो. पहिली दोन-तीन वर्षं तंगीची असतात. टीव्ही मालिकांत ९० दिवसांनी पेमेंट यायची पद्धत आहे, फिल्ममध्ये कधी त्याहून उशीर. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी किती पैसे, किती तासांची शिफ्ट, कधी मिळणार आणि नाव कुठे येणार हे ईमेलवर लिहून घ्या, ओळखीचा माणूस असला तरी. पटकथा लिहिलीत तर दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करा, ऑनलाईन होतं.

शेवटी त्या ताई उभ्या आहेत, त्यांचा प्रश्न की मुलीला कॅमेरा डिपार्टमेंटला जायचंय, रात्रीची शूट असतात, पाठवावी का. पाठवा ताई, पण आधी विचारून. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगतो की दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी, आणि २०२२ ला केरळ हायकोर्टाने फिल्म प्रॉडक्शनलाही ते लागू केलं. २०२४ मध्ये मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या छळावरचा हेमा समितीचा अहवाल बाहेर आल्यावर तर कोणी म्हणूच शकत नाही की असं काही होत नसतं. तेव्हा तिने कामाला हो म्हणताना विचारायचं, तुमच्या समितीत कोण आहे, रात्री पॅकअपनंतर सोडायला गाडी आहे का, बाथरूमची सोय काय, युनिटमध्ये आणखी किती बायका आहेत. चांगलं प्रॉडक्शन या प्रश्नांची उत्तरं लगेच देतं. जे चिडतं, टाळाटाळ करतं, ते काम सोडून द्यायचं, दुसरं मिळतं. आणि ताई, मुलगी फोकस पुलिंग शिकत असेल तर, फोकस कॅमेऱ्यापासूनच्या अंतरावर लावतात, म्हणून तिला आत्ताच सांगा, घरातल्या घरात अंतर नजरेने ओळखायचा सराव कर, चार फूट, सहा फूट, नऊ फूट, मग टेप लावून बघायचं.