लोककथेतली ‘अडचण’ मुलांना कशी सापडेल? | तिसरी-चौथीच्या वर्गासाठी

नमस्कार मंडळी! गोष्टीचे घटक लोककथांमधून कसे शिकवायचे, हा प्रश्न कमेंटमध्ये सारखा येतोय. तर आज तेच.

पात्रं, स्थळ-काळ, अडचण, घटनाक्रम, शेवट. पात्रं मुलं पटापट सांगतात, शेवट तर तोंडपाठच असतो. तिथे वेळ घालवू नका. घोडं अडतं ते अडचणीपाशी.

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. ‘अडचण कोणती?’ विचारलं की अख्खा वर्ग ओरडतो, ‘बाई, पाऊस पडला!’ अहो, आपल्या गोव्यात जून लागला की पाऊस पडतोच, म्हणून रोज गोष्ट घडते का? पाऊस ही घटना. शेणाचं घर वाहून गेलं, कावळ्याला आसरा हवाय आणि चिमणी म्हणते, ‘थांब, बाळाला न्हाऊ घालते.’ दार उघडत नाही, ही अडचण. म्हणून मी फळ्यावर दोनच प्रश्न लिहिते : कोणाला काय हवंय? आणि आडवं काय येतंय?

आता भोपळ्यातली म्हातारी. वाटेत वाघ भेटतो. ती म्हणते, लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा. वाघ तिला सोडतो. इथेच थांबा आणि विचारा, ‘अडचण मिटली?’ बरीच मुलं ‘हो’ म्हणतात. मग मागच्या बाकावरून एखादी पुटपुटते, ‘पण तिला परत त्याच वाटेनं यायचंय ना!’ त्या क्षणी भोपळा कशासाठी, हे सगळ्या वर्गाला कळतं.

तरीही कळलं नाही, तर अडचण काढून टाका. ‘म्हातारी लेकीकडे गेली, जेवली, परत आली.’ मुलंच म्हणतील, ‘बाई, ही गोष्टच नाही!’

आणि हात जोडून सांगते, गोष्ट संपली रे संपली की ‘बोध काय घेतला?’ विचारू नका. मुलं ‘नेहमी खरे बोलावे’ ठोकून देतात, गोष्ट कोणतीही असो. विचार तिथेच थांबतो.

एका ताईंनी लिहिलंय, राखणदाराच्या, म्हणजे लोकांच्या समजुतीत गावाची राखण करणाऱ्या अदृश्य रक्षकाच्या, गोष्टी वर्गात नकोत, मुलं घाबरतात. मला नाही पटत. खांद्यावर कांबळं, हातात दांडा, रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा राखणदार आमच्या मुलांना परका नाही. उलट स्थळ-काळ शिकवायला ही गोष्ट फार उपयोगी. तीच गोष्ट भर दुपारी पणजीच्या बसस्थानकावर घडवून बघा. वाट चुकलेला माणूस सरळ कंडक्टरला विचारेल! मूळ गोष्टीत कुळागरातला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतला, काळोख आहे, हाकेला ओ द्यायला कोणी नाही, म्हणूनच त्याला घर सापडत नाही. म्हणजे पुन्हा आलो की नाही अडचणीवर?

अजून एक. आजीनं कोंकणीत सांगितलेली गोष्ट मुलांना वर्गात कोंकणीतच सांगू द्या. मराठी माध्यम आहे म्हणून मध्येच अडवू नका. गोष्टीचा जीव जातो. फळ्यावरच्या दोन प्रश्नांची उत्तरं मागाहून मराठीत लिहू देत.

तुमच्या वाड्यावरच्या राखणदाराची गोष्ट कमेंटमध्ये लिहा, दोन्ही उत्तरांसकट. मी ती माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे.